अजून एक उन्हाळा

सरांबद्दल लिहायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेली, त्यांच्याशी भांडलेली माणसं सोलापुरात आहेत. खरं तर त्यांनी लिहायला हवं होतं. मी थोडी वाट पाहिली, कुणी लिहिलं नाही. मला चित्रकलेतलं फारसं कळत नाही आणि लिहिण्याचा सराव म्हणाल तर परीक्षेच्या पेपरांचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कुठं काय बोलावं आणि कुठं गप्प बसावं, हे मला अजून नीट समजत नाही. त्यामुळे काही जास्त-कमी लिहिलं गेलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सरांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं. चित्राखालच्या पाटीवर चित्रकारापेक्षा देणगीदाराचं नाव मोठं झालं की ते ती पाटी काढून खिशात घालायचे. विचारलं तर म्हणायचे, "पडली असेल कुठंतरी."

ते एका ट्रस्टच्या कलादालनाचे संग्रहपाल होते. आत्ताच्या काळातल्या कलावंतांची चित्रं, शिल्पं निवडून घ्यायची आणि ती सांभाळायची, हे त्यांचं काम. त्याआधी ते शाळेत चित्रकला शिकवायचे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला फिल्ड प्रोजेक्ट करायचा होता. बँक, मार्केट यार्ड, दूध संघ असे विषय आधीच संपले होते. कलादालन कुणी घेतलं नव्हतं, ते मला मिळालं. प्रोजेक्ट संपल्यावरही मी जात राहिलो. तिथं शांतता होती, पंखा होता, आणि सर मला जा म्हणाले नाहीत.

सुट्टीत गावाकडे, सांगोल्याला गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, तिथं काय करतोस. आमची मेंढरं आहेत, वडील दिवसभर त्यांच्यामागं असतात. मी म्हटलं, चित्रांवर लक्ष ठेवतो.

"आन् ती कुटं पळून जात्यात व्हय?" वडील म्हणाले.

हे मी सरांना हसत सांगितलं. सर हसले नाहीत. "जातात," म्हणाले. "सांग वडिलांना, जातात. डोळा चुकवूनच जातात."

सरांच्या सवयींबद्दल लोक अजून बोलतात. कलादालनात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते "हात दाखवा" म्हणायचे. सोलापुरात शेंगाचटणी न खाता दुपार काढणारा माणूस मिळणं कठीण, आणि त्या चटणीचं तेल बोटांना किती वेळ राहतं हे सरांना माहीत होतं. ते स्वतः रोज भाकरी-चटणीच खायचे, पण फाटकाबाहेर, उभ्याने, आणि मग साबणाने दोनदा हात धुऊन आत यायचे. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष एका मोठ्या पाहुण्यांना घेऊन आले. मागे फोटोग्राफर, हार, शाल असं सगळं. सर दारात उभे.

"हात दाखवा."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, साहेब आहेत."

"म्हणूनच. साहेब बोट लावून दाखवतात."

पाहुणे बिचारे शाळकरी पोरासारखे हात पुढं करून उभे राहिले. आत गेल्यावर त्यांनी खरोखरच एका चित्राकडे बोट नेलं आणि मध्येच मागे घेतलं. सोबतची माणसं दुसरीकडे बघत होती. अध्यक्षांनी ती गोष्ट मनात ठेवली असावी, असं मला नंतर वाटत राहिलं.

सर भिंतीला गाल लावायचे. तापमान मोजायचा काटा होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. चित्र उतरवायचं, त्याच्या मागच्या भिंतीवर गाल टेकवायचा, डोळे मिटायचे आणि मग सांगायचे, "ही भिंत दुपारी चारनंतर तापते. याला हलवा." पाहणाऱ्याला वाटायचं, माणूस भिंतीशी काहीतरी गुपित बोलतोय. आमचा वॉचमन म्हणायचा, "सरांचं लगीन भिंतीसंगं लागलंय."

एकदा त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे घोंगड्याला कसर लागू नये म्हणून काय करता? मी म्हटलं, "काही करत नाही सर. रोज अंगावर घेतो." हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी कोठीतली चित्रं पाळीपाळीने बाहेर काढून लावायला सुरुवात केली. बघायला कुणी नसलं तरी लावायची. कुणी नसलं तर आम्ही दोघं समोर उभं राहायचं. "बघितलं नाही की चित्राला कसर लागते," असं ते मला सांगत. शास्त्रात असं काही आहे का, मला माहीत नाही.

आता दोन नियमांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

पहिला नियम ट्रस्टचा. संग्रहात फक्त हयात कलावंतांच्या कृती घ्यायच्या. ज्यांनी कलादालन काढलं त्यांचं म्हणणं होतं की, कौतुक माणूस जिवंत असताना पोचलं पाहिजे. सरांना हा नियम फार प्रिय होता. वडील वारल्यावर त्यांची चित्रं गाडीत घालून आणणारी मुलं यायची, कधी रडायचीही. सर त्यांना बसवायचे, पाणी बाहेर ओट्यावर द्यायचे आणि म्हणायचे, "वडील असताना का नाही आलात?" मग चित्रं परत गाडीत ठेवायला स्वतः मदत करायचे.

दुसरा नियम त्यांचा स्वतःचा. कुठलीही कृती संग्रहात घेण्याआधी तिने सोलापूरचा एक उन्हाळा काढला पाहिजे. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, पश्चिमेला खिडकी. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा झाली की नवीन आलेल्या कृती त्या खोलीत ठेवायच्या आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की खाली आणायच्या. जी तडकली, पिवळी पडली, सुटली, ती परत. जी टिकली ती खरेदी समितीपुढे. म्हणे पूर्वी एकदा पुण्याच्या एका नावाजलेल्या चित्रकाराचं मोठं चित्र घेतलं होतं आणि पहिल्याच एप्रिलमध्ये त्याचा रंग पोपडे धरून खाली आला. तेव्हापासून हे. वॉचमन त्या खोलीला "सरांचं वाळवण" म्हणायचा.

मी पहिल्या वर्षाला होतो त्या जानेवारीत श्रीलताताई आल्या. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. कला महाविद्यालयातून डिप्लोमा झालेला. वय पस्तिशीच्या आसपास असेल, पण चेहरा काळवंडलेला, डाव्या हाताला पट्टी. भावाच्या रिक्षातून त्यांनी एका जुन्या चादरीत गुंडाळून आपली कृती आणली. भावाला सगळे श्रीनिवासअण्णा म्हणत.

आम्ही ती दालनात टांगली. जॅकार्ड मागाच्या पट्ट्या होत्या त्या. जाड पुठ्ठ्याच्या, भोकं पाडलेल्या. मागावर कुठला धागा वर उचलायचा हे ती भोकं ठरवतात आणि त्यातून चादरीवर मोर, फुलं उमटतात. ताईंनी शेकडो पट्ट्या दोऱ्यात ओवून छतापासून जमिनीपर्यंत पडदा केला होता. मागून उजेड आला की समोरच्या भिंतीवर नुसते ठिपके पडायचे, पावसासारखे म्हणा किंवा राखेसारखे. मोर नाही, फूल नाही.

सर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "यातून काय विणलं जाईल?"

"काहीच न्हाई सर," ताई म्हणाल्या. "उलट्यापालट्या ओवल्यात. मागावर चढवलं तर मागच बंद पडंल."

सर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते बहुतेक तेव्हाच.

त्या पट्ट्या ताईंच्या वडिलांच्या कारखान्यातल्या. कारखाना बंद पडला, वडील गेले, पट्ट्या गोण्यांत भरून घरात पडल्या. अर्ध्या अण्णांनी रद्दीत घातल्या होत्या. ते दारातूनच म्हणाले, "घरात माणसं झोपायची का गोण्या?"

"बघा की," ताई सरांना म्हणाल्या. "माझ्यामागं हे घरात ऱ्हाणार न्हाई. अण्णाची चूक न्हाई, जागाच न्हाई. इथं घेतलं तर ऱ्हाईल. एवढंच हाय माझं."

"आवडलं आहे मला," सर म्हणाले. "वर ठेवू. जूनमध्ये समितीपुढे नेतो."

अण्णा म्हणाले, "सर, तिचं डायलिसिस चालू हाय. जून लई लांब होतंय तिला."

सरांनी पट्टीच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. पण उन्हाळा तेवढाच असतो."

मला राग आला. रिक्षा गेल्यावर मी भीत भीत म्हटलं, "सर, एवढ्या वेळेला राहू द्या की नियम."

ते माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी मला समोर बसवलं. "ऐक," म्हणाले. "आज मी समितीला सांगितलं, बाई आजारी आहे, घेऊन टाका, तर घेतील. पण मग ते दयेनं आलेलं होईल. मी काही कायम इथं नाही. जागा कमी पडली की पहिल्यांदा काय बाहेर काढतात, माहीत आहे? ओळखीने आलेलं आणि दयेनं आलेलं. तिचं काम तसं जायला नको. सगळ्यांसारखं उन्हाळा काढून आलं की त्याला कुणी हात लावणार नाही."

मला तेव्हा ते पटलं. आजही त्यांचं चुकलं असं मला धड म्हणता येत नाही, आणि बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर हाय सरांचं. दया कोण मागतंय. फकस्त मला बघायला येऊ द्या."

एप्रिलमध्ये त्या आल्या. दवाखान्यातून थेट, अण्णांच्या रिक्षातून. गच्चीचा जिना चढताना चारदा थांबल्या. पत्र्याखाली अंग भाजत होतं. त्या कृतीसमोर स्टुलावर बसल्या आणि एकेका पट्टीवरून नजर फिरवत राहिल्या. सर खाली गेले आणि थोड्या वेळाने पाण्याचा ग्लास घेऊन वर आले. कलादालनात पाण्याची बाटलीसुद्धा आत येऊ न देणारा हा माणूस. वॉचमन जिन्यात तोंड उघडं ठेवून उभा होता.

"घ्या," सर म्हणाले.

ताईंनी हात हलवला. "मला पाणी मोजून असतंय सर. आजचं झालं."

सर ग्लास धरून तसेच उभे राहिले. तो कुठं ठेवावा हे त्यांना समजेना. खाली फरशीवर ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा नाही. त्या उठेपर्यंत ते ग्लास हातात घेऊनच उभे होते.

"दोरा जरा कडक झालाय," ताई निघताना म्हणाल्या. "पण तुटत न्हाई. बघा तुमी."

मे संपायच्या आत ताई गेल्या.

अण्णांचा फोन आला तेव्हा आम्ही कोठीत होतो. सरांनी फोन ठेवला, गच्चीवर गेले. मी मागे गेलो. त्यांनी प्रत्येक पट्टी, प्रत्येक गाठ तपासली. वेळ लागला. पुठ्ठा फुगला नव्हता, त्यातल्या खळीला कीड नव्हती, दोरा शाबूत होता. "उत्तम आहे," ते मला म्हणाले. "इतकं चांगलं काही निघालं नव्हतं या खोलीतून." मग तिथंच स्टुलावर बसून राहिले.

जुलैत समितीची बैठक झाली. पडद्यावर फोटो दाखवायला मला आत बसवलं होतं. अध्यक्षांनी फोटो बघितले, छान आहे म्हणाले आणि विचारलं, "बाई कुठल्या? येतील का सत्काराला?"

"मे महिन्यात वारल्या," सर म्हणाले.

"मग कसं घेणार? हयात पाहिजे ना? आमच्या काकांची चित्रं याच कारणाने तुम्ही परत पाठवली होती."

"कृती आत आली तेव्हा त्या हयात होत्या."

"आत कुठं आली?" अध्यक्ष अगदी शांतपणे म्हणाले. "वरच्या खोलीत आहे तोवर आत नाही, असं तुम्हीच इथं दरवेळी सांगता."

सर कधी कुणाशी हुज्जत घालायला मागे हटत नसत. त्या दिवशी त्यांनी समोरचे कागद गोळा करायला घेतले. एक डॉक्टर सदस्य होते, ते म्हणाले, एवढा अपवाद करू. अध्यक्ष म्हणाले, "अपवाद केला तर उद्या सरच आपल्याला नावं ठेवतील." दोघं-तिघं हसले. कृती कुटुंबाला परत करावी असं ठरलं आणि पुढचा विषय एसीचा निघाला.

सरांनी ती परत केली नाही. ऑगस्टमध्ये म्हणाले, हवा दमट आहे, पुठ्ठा हलवता येत नाही. नवरात्रात म्हणाले, बांधायला धड कापड नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. बोलताना ते समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघायचे. दिवाळीनंतर नूतनीकरणासाठी कलादालन बंद झालं आणि आता विश्रांती घ्या, असं सरांना सांगण्यात आलं. निरोप समारंभ ठेवला होता. सर आले नाहीत.

त्याच आठवड्यात आम्ही कृती अण्णांच्या घरी नेली. पूर्व भागात एका बोळातली खोली, मागे पत्र्याची पडवी. वहिनी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होत्या. अण्णा म्हणाले, "सर, मी तवाच सांगितलं होतं, जागा न्हाई."

"एक उन्हाळा ठेवा," सर म्हणाले. "फक्त एक. मी पुढच्या मे महिन्यात येऊन बघतो, मग काय ते ठरवू. नवीन समिती येणार आहे."

"तुमी येनार?"

"बघायला नको का?"

मग ते अण्णांना म्हणाले, "हात दाखवा." रिक्षा चालवणाऱ्याचे हात, ऑइल लागलेले. अण्णांनी पँटला पुसून पुढं केले. सरांनी पडवीच्या भिंतीला गाल लावला, दुसऱ्या भिंतीला लावला आणि कृती कुठं टांगायची ते दाखवलं.

सर बार्शीला बहिणीकडे राहायला गेले. पण मे महिन्यात ते आले. एस.टी. स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेलो होतो. बारीक झाले होते, डोक्याला ओला पंचा. पडवीत त्यांनी सगळ्या पट्ट्या तपासल्या. ताईंच्या आईंनी, अम्मांनी, चहा दिला, तो त्यांनी बोळात जाऊन घेतला. अण्णा दारात वाट बघत होते.

"काय झालं सर? घेत्यात का?"

"यंदाचा उन्हाळा जरा नरम होता," सर त्यांच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाले. "खात्री होत नाही. अजून एक बघू."

"नरम? सर, रिक्षाची शीट चटके देत होती."

"अजून एक."

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "सरांच्या मतानं सोलापुरात अजून उन्हाळा पडलाच न्हाई." पण त्यांनी कृती काढली नाही. परत जाताना सरांनी मला सांगितलं की त्यांनी ट्रस्टला अर्ज केला आहे, हयात कलावंताचा नियम बदला म्हणून. ज्या नियमासाठी इतक्या लोकांना परत पाठवलं तोच. "उत्तर येईल," म्हणाले. कलादालन उघडलं होतं. आत एसी होता, मोठे पडदे होते, हात कुणी बघत नव्हतं.

त्याच्या पुढच्या मे महिन्यातही ते आले. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, मी जाऊ शकलो नाही. अण्णांनी फोनवर सांगितलं, "आलते. गाल लावला, चा घेतला, अजून एक म्हणले, गेले."

मी एम.ए.ला आलो. सरांना फोन करायचा तर काय बोलायचं हे आधी ठरवावं लागायचं, म्हणून कमी करायचो. यंदा गुरुपौर्णिमेला केला. सरांच्या बहिणीने उचलला.

"तो तर पाडव्याच्या आधीच गेला रे," त्या म्हणाल्या. "झोपेतच. कुणाकुणाला कळवणार? त्याच्या फोनमध्ये नावंच नाहीत, नुसते नंबर."

मी काय बोललो आठवत नाही. नंतर अण्णांना फोन लावला. त्यांना सांगायला हवं होतं. मागे रिक्षाचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला.

"पाडव्याच्या आधी?" अण्णा म्हणाले. "मग कुणी सांगायचं की मला."

मी म्हटलं, मलाही आत्ताच कळलं.

"मी मे महिनाभर वाट बघितली. म्हटलं यंदा येनार, सरांचं काय चुकत न्हाई. मग शाळा चालू झाल्या. हिला दुसरी मशीन आली, ठेवायला जागा न्हाई. मला वाटलं, सर आले न्हाईत म्हंजे त्यांनी ठरवलं. न्हाई घ्यायचं म्हणून ठरवलं. रद्दीवाल्याचा टेंपो आलता बोळात."



"दोरा लई पक्का होता," ते थोड्या वेळाने म्हणाले. "विळ्यानं कापावा लागला."

मग त्यांनी विचारलं, "सरांना कळलं न्हाई ना, मी दिलं ते?"

"नाही. ते आधीच गेले होते."

"मग बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि रिक्षा चालू केल्याचा आवाज आला.